अभ्यासाच्या नावाखाली घेतलेला खेळ : घरगुती कॉम्प्युटरचा थोडा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने या बाजारहाटात कशाला शिरावं? पण प्रश्न घराघरांत विचारला जातो आहे. मुलाची दहावी झाली, त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे, आपलं बजेट बेताचं आहे; घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? यावर आई एक सांगते, बाबा दुसरं सांगतात, आणि आजोबा म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. शेवटी एक तडजोड निघते. घ्यायचा, पण अभ्यासासाठी. खेळायचं फक्त शनिवार-रविवारी.

आज आपण या तडजोडीचा इतिहास पाहू. ती आपल्या घरात जन्मलेली नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लंडन, न्यूयॉर्क, मुंबई अशा सगळ्या शहरांतल्या आईवडिलांनी हीच तडजोड केली. तिचे परिणाम कोणाच्या वाट्याला काय आले, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. आपण ‘अभ्यास’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वही, पुस्तक आणि परीक्षा येते. पण संस्कृतात अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. पतंजलीच्या योगसूत्रांत हा शब्द येतो तो याच अर्थाने: दीर्घकाळ, खंड न पाडता, आस्थेने केलेला प्रयत्न. आता एखादा चौदा वर्षांचा मुलगा खेळातला अवघड टप्पा पार करताना बघा. चाळीस वेळा हरतो, एक्केचाळिसाव्यांदा बसतो. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. मूळ अर्थाने अभ्यास यालाच म्हणायचं, फक्त आपण त्याला ते नाव देत नाही. आपण म्हणतो, सगळा खेळखंडोबा चाललाय. गोंधळाला आणि नासाडीला आपल्या भाषेने जो शब्द दिला, त्याची सुरुवातच ‘खेळ’ने होते.

ग्रीकांकडे गेलो तर उलट चित्र दिसतं. आपण ज्याला ‘स्कूल’ म्हणतो त्या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘स्खोले’ आहे, आणि त्याचा अर्थ फुरसत. प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात म्हटलं आहे की ज्याला पुढे चांगला गवंडी व्हायचं आहे त्याने लहानपणी खेळातली घरं बांधावीत. हे लक्षात ठेवू, कारण कॉम्प्युटरच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

१९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ लिहिला. यंत्र होतं पीडीपी-१. त्याची किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे कोणाच्या घरी येण्याचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर दोन अवकाशयानं, मधे एक तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण, आणि एकमेकांवर मारा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. पण यंत्राची सगळी ताकद एकदम पणाला लावणारा कार्यक्रम म्हणून पुढे कंपनीची माणसंही यंत्र नीट चालतं का हे तपासायला तोच खेळ वापरू लागली.

पंधरा वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘ॲपल टू’ बाजारात आला. घरात ठेवता येतील अशा पहिल्या तयार कॉम्प्युटरांपैकी हा एक. किंमत १२९८ डॉलरपासून पुढे. त्यात रंग होते, आवाज होता, खेळायच्या मुठी जोडायची सोय होती. हे सगळं का घातलं, याचं कारण स्टीव्ह वॉझ्नियाकने स्वतःच पुढे सांगितलं आहे. ‘ब्रेकआउट’ हा विटा फोडायचा खेळ बेसिक भाषेत लिहून आपल्या यंत्रावर चालवून दाखवायचा, ही त्याची हौस होती. म्हणजे बघा, घरगुती कॉम्प्युटरचे रंग आणि आवाज खेळासाठी आले. हिशेब आणि पत्रलेखन नंतर त्याच रंगांवर बसलं. गेमिंग कॉम्प्युटर म्हणजे अभ्यासाच्या कॉम्प्युटरचं बिघडलेलं रूप, असं आपल्याला वाटतं. इतिहासात क्रम उलटा आहे.

पण १२९८ डॉलर सामान्य घराला परवडणारे नव्हते. स्वस्त कॉम्प्युटरची खरी गोष्ट ब्रिटनमध्ये घडली. तिथे १९८१ ते १९८४ या काळात दोन यंत्रं समोरासमोर उभी होती.

पहिलं यंत्र बीबीसी मायक्रो. बीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने देशाला कॉम्प्युटर-साक्षर करायचं ठरवलं, टीव्हीवर मालिका आखली आणि केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आणलं. सरकारने शाळांना निम्मी किंमत दिली. यंत्र भक्कम, प्रतिष्ठित आणि महाग. त्याचं चांगलं मॉडेल जवळजवळ ४०० पौंडांना पडायचं.

दुसरं यंत्र झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ते एप्रिल १९८२ मध्ये आणलं. साधं मॉडेल १२५ पौंड, ४८ किलोबाइट स्मृतीचं १७५ पौंड. रबरी बटणं. पडदा म्हणजे घरातलाच टीव्ही. कार्यक्रम साठवायला घरातलाच कॅसेट रेकॉर्डर. बजेट कॉम्प्युटर म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे: जे घरात आहे ते पुन्हा विकत घ्यायचं नाही.

ब्रिटिश आईवडिलांनी ही यंत्रं घेतली ती गृहपाठासाठी. जाहिराती तेच सांगत होत्या, पोरंही तेच सांगत होती. आणि घरी आल्यावर पोरं खेळत होती. खुद्द सिंक्लेअर यांना आपल्या यंत्राची अशी खेळण्यात गणना व्हावी हे फारसं रुचलं नाही. पण यंत्र पन्नास लाखांच्या वर खपलं, ते प्रामुख्याने खेळांमुळे.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे आणि आजच्या व्याख्यानाचा अर्धा भार तिच्यावर आहे. ही यंत्रं चालू केली की खेळ सुरू होत नसे. पडद्यावर बेसिक भाषा आज्ञेची वाट बघत उभी असे. साधा खेळ लावायचा तरी एक आज्ञा टाइप करावी लागे. मासिकांमध्ये खेळांचे कार्यक्रम ओळीन् ओळ छापून येत. खेळ विकत घ्यायला पैसे नसलेली मुलं ते कार्यक्रम स्वतः टाइप करत. एक स्वल्पविराम चुकला तर खेळ चालत नसे. मग चूक शोधायची. ती सापडली की मनात यायचं, इथे ३ ऐवजी १०० लिहिलं तर आपल्याला शंभर जीव मिळतील का? ज्या क्षणी मुलाने ३ चे १०० केले, त्या क्षणी तो प्रोग्रामर झाला. त्याला हे शिकवायला कोणी बसलं नव्हतं. त्याला फक्त जिंकायचं होतं.

१९८३ मध्ये ‘मॅनिक मायनर’ हा खेळ गाजला. तो मॅथ्यू स्मिथने किशोरवयातच लिहिला. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रोवर ‘एलिट’ लिहिला. ३२ किलोबाइटच्या यंत्रात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढे ग्रह साठवायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक ग्रह त्या त्या वेळी गणिताने तयार होत असे. आणि याच बीबीसी मायक्रोची रचना करणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम हा प्रोसेसर घडवला. त्याची पहिली चिप १९८५ मध्ये चालली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलचा प्रोसेसर त्याच घराण्यातला आहे.

हे ऐकून कोणालाही वाटेल की चला, खेळाचं समर्थन झालं. मूल खेळलं तर इंजिनिअर होईल. थांबा. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. एका मॅथ्यू स्मिथमागे लाखो मुलं होती जी नुसती खेळली आणि मोठी होऊन पोस्टात, बँकेत, दुकानात कामाला लागली. त्यांचा खेळ वाया गेला का? खेळ उपयोगी आहे म्हणून चांगला, असं म्हटलं की आपण खेळाला पुन्हा गृहपाठाच्या चाकरीला लावतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचं लक्षण सांगितलं ते हेच, की तो मोकळेपणाने, स्वतःसाठीच खेळला जातो. बाहेरचा हेतू लावलात तर तो खेळ उरत नाही. ब्रिटिश पोरं शिकली, कारण ती शिकायला बसली नव्हती. शिकणं हा खेळाचा उपपदार्थ होता. ताक घुसळल्याशिवाय लोणी येत नाही, आणि नुसतं लोण्याकडे बघत बसलं तरी येत नाही.

मग प्रश्न असा येतो की हा निर्हेतुक वेळ कोणाला मिळाला? इथून गोष्ट जरा कडू होते.

याच काळात अमेरिकेत कमोडोरसारख्या कंपन्या ३०० डॉलरच्या आतले कॉम्प्युटर विकत होत्या. जाहिरात आईवडिलांना विचारत होती, नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता, त्यापेक्षा कॉम्प्युटर घ्या. तीच तडजोड. पण जाहिरातींत कॉम्प्युटरपुढे बसलेला बहुधा मुलगा असे. खेळ मुलग्यांसाठी आखले जात. दुकानात ते मुलग्यांच्या बाजूला मांडले जात.

आता आकडे बघू. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांचं प्रमाण १९८४ च्या सुमाराला ३७ टक्क्यांपर्यंत पोचलं होतं आणि वाढत होतं. तिथून ते घसरू लागलं, आणि २०१० च्या आसपास १८ टक्क्यांवर आलं. वैद्यकात, कायद्यात त्याच काळात स्त्रियांचं प्रमाण वाढत होतं. मग इथेच काय झालं? कारणं एकापेक्षा जास्त आहेत. पण जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी १९९५ पासून चार वर्षं बोलून जे मांडलं, ते प्रत्येक पालकाने ऐकावं. त्यांना पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसलं. घरातला कॉम्प्युटर मुलग्याच्या खोलीत ठेवला गेला होता. बहिणीला आवड असली तरी तिने तो भावाला विचारून वापरायचा. कॉलेजात पोचेपर्यंत मुलगे दहा वर्षं यंत्राशी खेळलेले, आणि मुली हुशार असूनही पहिल्या दिवशी मागे. प्राध्यापकांना वाटायचं, मुलग्यांना उपजत कळतं. उपजत काही नव्हतं; आधी मिळालेले तास होते.

मुलींना अभ्यासाला कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना नाही म्हटलं गेलं ते विनाकारण वेळ घालवायला. मुलगा रात्री अकरापर्यंत खेळला तर तो नादी. मुलगी खेळली तर तिला दुसरं काही काम नाही का? हे वाक्य अमेरिकेतलं नाही, आपल्याकडचं आहे. आणि ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

कार्नेगी मेलनने पुढे काय केलं तेही सांगायला हवं. प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रामिंगच्या अनुभवावर भर देणं त्यांनी सोडलं, आणि नवख्यांसाठी वेगळ्या पायरीचे वर्ग ठेवले. पहिल्या वर्षाच्या वर्गात १९९५ मध्ये ७ टक्के मुली होत्या. २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मेंदू बदलत नाहीत. दार उघडलं, एवढंच.

आता आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारचं नवं कॉम्प्युटर धोरण आलं. त्याच शैक्षणिक वर्षात शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, सुमारे अडीचशे शाळांपासून. आणि त्या शाळांत गेलं कोणतं यंत्र? तेच, बीबीसी मायक्रो. म्हणजे ब्रिटिश पोरं ज्यावर ‘एलिट’ खेळत होती तेच यंत्र आपल्याकडे आलं. पण आलं ते कसं? कुलूपबंद खोलीत. चपला बाहेर काढायच्या. यंत्रावर कापडी खोळ. एका यंत्रापुढे पाच-सहा मुलं आणि आठवड्यातून एक तास. इतक्या महागड्या वस्तूला कोणी हात लावू देईना, याला कारण होतं. आयातशुल्क भरमसाट होतं आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? पण ज्या यंत्राशी खेळता येत नाही त्याला पूजेचं स्वरूप येतं. देव्हाऱ्यातल्या वस्तूला आपण हळदकुंकू वाहतो, उघडून बघत नाही.

आपल्याकडे यंत्र उघडलं ते बाजाराने. १९८१ च्या आयबीएम पीसीची रचना अशी होती की त्याचे भाग इतरांनाही बनवता येत. त्यातून जगभर सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात भाग घेतला आणि या भागांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे त्या बाजाराचं महाराष्ट्रातलं तीर्थक्षेत्र झालं. चार दुकानांत कोटेशन घ्यायचं, कागदावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट अशी यादी, शेवटी घासाघीस, आणि संध्याकाळी लोकलच्या डब्यात मांडीवर खोकं. ‘असेंबल केलेला’ हा शब्द मध्यमवर्गीय मराठी घरात असाच रुळला. ब्रँडेड यंत्रापेक्षा तो स्वस्त पडे. स्वस्त म्हणून घेतला, पण त्याच्याबरोबर एक गोष्ट फुकट आली: तो उघडता येत होता. रॅम वाढवायची तर चार स्क्रू काढा. ते स्क्रू बहुतेक घरांत पंधरा वर्षांच्या मुलानेच काढले.

त्याच सुमारास जगभरातल्या कमी पैशांच्या हौशी मंडळींनी एक गंमत शोधली होती. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा १९९८ चा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाई. पण मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की तो बहुधा ४५० वर सुखाने चाले, आणि खेळांत महागड्या भावंडांच्या बरोबरीने उभा राही. हे शोधलं ते खेळणाऱ्या पोरांनी, कारण त्यांच्याकडे पैसे कमी होते आणि वेळ भरपूर होता.

खेळणाऱ्यांच्या खिशातून आणखी एक गोष्ट उभी राहिली, ती ग्राफिक्स कार्डाची. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ‘डूम’ आला, १९९६ मध्ये ‘क्वेक’, आणि चित्रं वेगाने रंगवणाऱ्या वेगळ्या कार्डांची मागणी वाढली. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं. पुढे लक्षात आलं की हजारो ठिपके एकाच वेळी रंगवणारं हे कार्ड इतर गणितंही एकाच वेळी करू शकतं. २०१२ मध्ये टोरांटोच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्कीने चित्रं ओळखणारी जी न्यूरल नेटवर्क प्रणाली शिकवली आणि जिच्यापासून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट मोजली जाते, ती त्याने आईवडिलांच्या घरातल्या खोलीत, गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर शिकवली होती. विज्ञानाचा खर्च आधी खेळणाऱ्यांनी भरला होता.

आता आजच्या घरात या. आज मुलांच्या हातात यंत्रांची कमतरता नाही. पण ती बंद यंत्रं आहेत. मोबाइल चालू केला की पुढे आज्ञेची वाट बघणारी भाषा नसते, दुकान असतं. ही अडचण केंब्रिजमध्येच जाणवली. कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं पूर्वीसारखी यंत्राशी झटलेली नाहीत, असं एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं आणि २०१२ मध्ये ३५ डॉलरचा ‘रास्पबेरी पाय’ निघाला. त्या संस्थेच्या संस्थापकांत कोण होतं? ‘एलिट’वाले डेव्हिड ब्रेबन.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. १९८४ चा खेळ कॅसेट विकून मोकळा होत असे. आजचे कित्येक खेळ संपूच नयेत असे बेतलेले असतात आणि खेळता खेळता पैसे काढतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. म्हणजे खेळ आणि सापळा यांत फरक करावा लागतो, हे राज्यसंस्थेलाही पटलं आहे. तो फरक घरात कोण करणार? ज्याला खेळ म्हणजे काय हे माहीत आहे तोच. सगळ्याच खेळाला वेळेची नासाडी म्हणणाऱ्या बापाला सापळा वेगळा ओळखता येत नाही.

तर मग कोणता कॉम्प्युटर घ्यावा? भागांची नावं आणि भाव दर सहा महिन्यांनी बदलतात, ते दुकानदार सांगेल. आम्ही इतिहास काय सांगतो तेवढं सांगू. उघडता येईल असा घ्या. आज साधं कार्ड, दोन वर्षांनी बरं कार्ड, अशी जागा ठेवणारा. घरातला पडदा चालत असेल तर तोच वापरा. पैसे कमी असतील तर दिव्यांवर आणि चकचकीत कॅबिनेटवर वाचवा, वीजपुरवठ्याच्या डब्यावर वाचवू नका, कारण तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो. भाग जोडताना मुलाला शेजारी बसवा. मुलीलाही बसवा.

आणि शेवटचं. तो कुठे ठेवणार हे विकत घेण्याआधी ठरवा. घरात दोन मुलं असतील, एक मुलगा आणि एक मुलगी, तर यंत्र कोणाच्या खोलीत जाणार आहे? ‘दोघांसाठी’ म्हणून घेतलेली वस्तू महिन्याभरात कोणाची झाली, हे पासवर्ड कोणाला माहीत आहे त्यावरून कळतं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलींचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच चांगलं आहे, आणि याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पण त्या मुली तिथे पोचल्या त्या अभ्यासाच्या जोरावर. खेळायचा वेळ त्यांना आपण दिला होता का?

अभ्यासासाठी घेतो आहोत, असं सांगून कॉम्प्युटर घेऊ नका. खेळायला घेतो आहोत, असं सांगा, आणि ते दोघांनाही सांगा. मग अमुक इतके तास, अमुक खेळ, पैसे लावायचे नाहीत, हे नियम उघडपणे बोलता येतील. सबबीखाली घेतलेल्या वस्तूला नियम लावता येत नाहीत. तिथे फक्त लपवाछपवी होते, आणि त्या लपवाछपवीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या ताब्यात यंत्र जातं.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.